लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदलायचंय? आधी इंटेलच्या एएक्स २०१ आणि एएक्स २१० मधला फरक समजून घ्या

ऐन श्रावणात भाचा खानापूरहून आला, बॅग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली आणि स्वतः पूर्ण भिजलेला, आणि चहा व्हायच्या आधीच लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला. "मामा, वायफाय येतंय खरं टिकत नाही." (बेळगावच्या बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. पुढं लेखात चारदोनदा येईल, गोंधळू नका.) उद्यमबागेत इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजच्या कामासाठी विंडोज काढून उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं आणि तेव्हापासून दर दहा मिनिटाला नेट जातंय, परत येतंय, परत जातंय. विंडोजमध्ये असं नव्हतं म्हणे. मित्रांनी सांगितलं लॅपटॉपच बदल. बहिणीला फोनवर तेच सांगून बसला होता, म्हणजे पन्नास हजारांचा विषय झाला होता.

तर पन्नास हजारांचा विषय दोन हजारांच्या आत बसला. मध्ये मी एक चूक केली ती पण सांगतो, कारण हा लेख खरं तर त्या चुकीमुळेच लिहायलोय.

आधी हे कार्ड म्हणजे काय ते बघू. लॅपटॉपमधलं वायफाय हे बहुतेक वेळा मदरबोर्डचा भाग नसतं, एक छोटी वेगळी पाटी असते, साधारण सिमकार्डापेक्षा थोडी मोठी, ती एका खाचेत तिरकी बसते आणि एका स्क्रूनं दाबलेली असते. तिच्यावर एकदोन बारीक वायरी लावलेल्या असतात, त्या बिजागरीतून वर स्क्रीनच्या कडेला जातात, तिथं अँटेना चिकटवलेले असतात. ब्लूटूथ पण त्याच पाटीवर असतं. म्हणजे रॅम किंवा हार्डडिस्क बदलतो तसंच हे पण बदलता येतं, फक्त लोकांना माहीत नसतं म्हणून कोणी हात लावत नाही.

आता विंडोजमध्ये चालणारं कार्ड लिनक्समध्ये का रुसतं? इथं ड्रायव्हर आला. ड्रायव्हर म्हणजे काय ते आपल्या भागातल्या माणसाला समजवायला सोपं आहे. आमची आजी, कन्नडचा एक शब्द वाचता येत नाही, तिला पेन्शनच्या कामाला सरकारी ऑफिसात जायचं म्हटलं की बाहेर टेबल टाकून बसलेला अर्ज लिहून देणारा लागायचा. आजी मराठीत बोलणार, तो कन्नडमध्ये लिहिणार, आतला साहेब सही करणार. आता आजीत खोट नाही आणि साहेबातही नाही, खरं मधला माणूस अर्धवट शिकलेला असला तर काम अडतंय. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे साहेब, कार्ड म्हणजे आजी, ड्रायव्हर म्हणजे तो टेबलवाला. विंडोजसाठी प्रत्येक कंपनी स्वतः चांगला टेबलवाला बसवते कारण बहुतेक गिऱ्हाईक तिथंच. लिनक्ससाठी काही कंपन्या मनापासून बसवतात, काही उशिरा बसवतात, काही 'हे घ्या आमचं बंद पाकीट, आत काय आहे विचारू नका' असं म्हणतात.

इंटेलचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नेलमध्ये, सोबत येतो. अथेरॉसच्या जुन्या एन प्रकारच्या (म्हणजे वायफाय ४ च्या) कार्डांना तर वेगळी फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची, फाईल पण लागत नाही, दहाबारा वर्षं जुनं कार्ड अजून लावलं की चालू. ब्रॉडकॉमच्या बऱ्याच लॅपटॉप कार्डांना ते बंद पाकीट लागतं, वेगळं इन्स्टॉल करावं लागतं आणि कर्नेल अपडेट झालं की कधी कधी तेच रुसून बसतं. रिअलटेकच्या ८८२१सीई सारख्या कार्डाला कर्नेलमध्ये पक्की जागा ५.९ व्हर्जनला मिळाली, तोवर लोक कुठून कुठून कोड उतरवून स्वतः बांधत होते. मीडियाटेकचं एमटी ७९२१ हे त्या मानानं नवीन, त्याचा ड्रायव्हर ५.१२ पासून आहे, एएमडी कंपनीचा प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपात आरझेड ६०८ नावानं दिसतं तेही त्याच घराण्यातलं. भाच्याच्या मशीनमध्ये कुठल्या कंपनीचं होतं ते सांगत बसत नाही, त्याचा इथं काही उपयोग नाही, कारण तेच कार्ड दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपवर, नवीन कर्नेलवर, नीट चालत पण असेल.

थांबा, लगेच कार्ड मागवू नका. बरेच लोक इथंच पैसे घालवतात.

नेट तुटण्याची निम्मी कारणं कार्डाशी संबंधित नसतात. शहापूर-वडगावातली जुनी घरं बघा, दीड-दोन फुटी भिंती, त्यातल्या पुढच्या खोलीत राऊटर आणि पोरगं अभ्यासाला बसणार मागच्या माळीवर. तिथं सोन्याचं कार्ड लावलं तरी काय होणार नाही, राऊटर मधल्या खोलीत आणा. तसंच लॅपटॉप राऊटरच्या शेजारी ठेवला तरी एकच कांडी दाखवत असेल तर ती कार्डाची नाही, वायरीची गोष्ट आहे. बिजागरी तुटून दुरुस्त केलेल्या लॅपटॉपमध्ये तर हमखास, दुरुस्त करणाऱ्यानं वायर परत लावलेली नसते किंवा बिजागरीत चेंगरलेली असते. एकदा एकाचा लॅपटॉप उघडला तर वायर नुसती हवेत लोंबत होती, टक करून बसवली, पाच मिनिटात काम. विंडोज असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या नावावर डबल क्लिक करून पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर 'वीज वाचवायला हे बंद करायला परवानगी' अशा अर्थाची एक खूण असते, ती काढून एक दिवस बघा. लिनक्समध्ये पण पॉवर सेव्ह बंद करून बघता येतं. काही रिअलटेक कार्डांत तर गंमत अशी असते की वायर एकच आणि कार्डाला दोन टोकं, ड्रायव्हर भलत्याच टोकाला कान लावून बसतो, मग एका ओळीची सेटिंग घालून त्याला सांगावं लागतं की बाबा रे दुसऱ्या टोकाला ऐक. ८७२३बीई या कार्डासाठी ही सेटिंग प्रसिद्धच आहे. हे सगळं फुकट आहे, आधी करा.

आम्ही हे सगळं केलं. शेजारी बसवलं, पॉवर सेव्ह बंद केलं, कर्नेल अपडेट केलं. अपडेटला नेट पाहिजे आणि नेटच टिकत नाही, तेव्हा मोबाईल यूएसबी केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग (म्हणजे मोबाईलचं नेट केबलनं लॅपटॉपला) चालू केलं, लिनक्स त्याला लगेच ओळखतं, काही टाकावं लागत नाही. हे लक्षात ठेवा, कार्ड बदलताना पण कामाला येतं. एवढं करून पण नेट तुटतच होतं. मग म्हटलं आता बदलूया.

पहिलं काम, आत आत्ता काय आहे ते ओळखणं, आणि तेही न उघडता. लिनक्समध्ये टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून एलएसपीसीआय ही कमांड द्यायची, इंग्रजीत, छोट्या अक्षरात, जोडून, पुढे एक डॅश देऊन दोन एन आणि एक के. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर, वायफायचं नाव, डिटेल्स, त्यात हार्डवेअर आयडी. दोन्हीकडे दोन कोड दिसतात, चार-चार अक्षरांचे. पहिला कोड कंपनीचा, दुसरा मॉडेलचा. हे आपल्या गाडीच्या नंबरासारखं आहे, केए २२ दिसलं की गाडी बेळगावची, केए २३ चिक्कोडीची, एमएच ०९ कोल्हापूरची, नंबरप्लेट खोटं बोलत नाही. तसं ८०८६ म्हणजे इंटेल (त्यांच्या गाजलेल्या ८०८६ प्रोसेसरवरनंच तो नंबर घेतलाय), १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अथेरॉस, १४सी३ मीडियाटेक. दुसरा कोड गूगलमध्ये टाकून पुढे 'लिनक्स' लिहिलं की जगभरच्या लोकांनी त्या कार्डाबद्दल घातलेल्या शिव्या किंवा केलेली स्तुती समोर येते, पाच मिनिटात अंदाज येतो.

दुसरं, खाच कुठली. साधारण २०१३-१४ च्या आधीच्या लॅपटॉपमध्ये मिनी पीसीआय एक्सप्रेस असायची, कार्ड थोडं रुंद, ३० मिलिमीटर. त्यानंतर एम.२ आली, वायफायसाठी २२ बाय ३० मिलिमीटरची, म्हणून तिला २२३० म्हणतात. एम.२ हे नाव ऐकून एसएसडीशी गोंधळ होतो, आकारही तसाच दिसतो, खरं खाचेतला कट वेगळ्या जागी असतो, वायफायला ए किंवा ई प्रकारचा, एसएसडीला एम किंवा बी, त्यामुळं एकाच्या जागी दुसरं बसतच नाही, जोर करू नका. आणि तिसरा प्रकार म्हणजे कार्डच नाही, चिप थेट मदरबोर्डवर डाग दिलेली. पातळ, महाग लॅपटॉपात हे वाढत चाललंय आणि मला याचा राग येतो, कारण दोन हजारांची गोष्ट त्यांनी मदरबोर्डाएवढी महाग करून ठेवली. असं असेल तर विषय संपला, यूएसबीला लावायचं छोटं वायफाय घ्या, तेही लिनक्समध्ये चालतं का बघून. आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल डेल, एचपी, लेनोवो सगळ्यांच्या साईटवर फुकट मिळतं, त्यात वायफाय कार्ड काढायचं चित्र असेल तर ते निघतं, चित्रच नसेल तर समजून जा.

आता माझी चूक.

मी भाच्याला म्हटलं इंटेलचं एएक्स २१० घेऊया, लिनक्सवर चांगलं चालतं, वायफाय ६ई, ब्लूटूथ नवीन, झालं. पावसात आम्ही दोघं बाजारात गेलो, दोनतीन दुकानं हिंडलो. एका ठिकाणी काऊंटरवरचा माणूस आधी कन्नडमध्ये म्हणाला "इल्ल री" (नाही हो), मग आतनं दुसऱ्यानं काहीतरी सांगितलं तेव्हा मराठीत आला, "आहे की ओ, इंटेलचंच आहे, नवीन आहे." पाकीट दिलं. वर एएक्स २०१. मी बघितलं, वाचलं, आणि डोक्यात २१० च वाचलं. माणसाचं डोकं असंच असतं, जे पाहिजे तेच दिसतंय. घरी आलो, लॅपटॉप उघडला, कार्ड घातलं, वायरी लावल्या, चालू केलं. काही नाही. कमांड दिली तर यादीत कार्डाचं नावच नाही. म्हणजे नीट चालत नाही असंही नाही, मशीनला तिथं काही बसवलंय हेच कळेना. भाचा माझ्या तोंडाकडं बघतोय आणि मी कार्डाकडं.

एएक्स २०१ आणि एएक्स २१० दिसायला भावंडं आहेत, आतून वेगळी जात. २१० हे पूर्ण कार्ड आहे, वायफायचं सगळं काम त्याच्यावरच होतं आणि ते पीसीआय एक्सप्रेस या सर्वसामान्य रस्त्यानं मदरबोर्डशी बोलतं. २०१ हे अर्धंच कार्ड. इंटेलनं २०१७ च्या शेवटापासून एक पद्धत आणली, सीएनव्हीआय, त्यात वायफायचं मोठं काम प्रोसेसर किंवा चिपसेटच्या आतच करायचं आणि पाटीवर फक्त रेडिओचा भाग ठेवायचा, म्हणजे कार्ड स्वस्त पडतं. आईला समजावताना मी सांगितलं, २१० म्हणजे अख्खा कुकर, २०१ म्हणजे नुसतं कुकरचं झाकण, भांडं इंटेलच्या प्रोसेसरमध्ये असतं. झाकण कितीही नवीन, चकचकीत असू दे, खाली भांडं नसेल तर भात कशात शिजणार? भाच्याचा लॅपटॉप एएमडी रायझनचा, म्हणजे प्रोसेसर इंटेलचा नाहीच. भांडंच नाही. आणि खाच मात्र दोन्हीला एकसारखी बसते, हाच सगळा घोळ, आकारावरनं काही कळत नाही.

ओळखायची खूण अशी की इंटेलच्या एएक्स आणि बीई मालिकेत नंबरचा शेवट शून्यानं होत असेल (२००, २१०) तर पूर्ण कार्ड, एकनं होत असेल (१०१, २०१, २११, ४११) तर झाकण. त्याआधीच्या मालिकेत मात्र ही खूण चालत नाही, तिथं ९२६० हे पूर्ण आणि ९५६०, ९४६२ ही झाकणं, ते पाठ करायचं. आणि झाकणातसुद्धा पिढ्या आहेत, एएक्स २०१ ला साधारण दहाव्या पिढीपासूनचा इंटेल लागतो, आठव्या पिढीच्या लॅपटॉपात ते चालणार नाही. उलट बाजूनं, ज्या इंटेल लॅपटॉपात कंपनीनं २०१ दिलंय त्यात २१० घातलं तर बहुतेक ठिकाणी चालतं कारण खाचेत दोन्ही रस्ते सोडलेले असतात, खरं काही बनवणाऱ्यांनी पैसे वाचवायला दुसरा रस्ता जोडलेलाच नसतो. तेव्हा तुमच्याच मॉडेलवर दुसऱ्या कोणी करून बघितलंय का ते शोधा.

दुसऱ्या दिवशी कार्ड परत द्यायला गेलो तर "उघडलेलं घेत नाही ओ सर." बरोबरच आहे त्याचं, वाचायचं काम माझं होतं. मग २१० ऑनलाईन मागवलं, अठराशेच्या आसपास पडलं, चार दिवसात आलं, पाकिटावर आणि कार्डाच्या लेबलवर दोन्हीकडे नंबर चारदा वाचला. नंबराच्या शेवटी एनजीडब्ल्यू अशी अक्षरं असतात ती बघा, तेच खाचेत बसणारं. डी२डब्ल्यू म्हणजे डाग देऊन बसवायची चिप, ती तुमच्या काही कामाची नाही.

अजून एक अडथळा आहे, जुने लॅपटॉप वापरणाऱ्यांसाठी, आणि आपल्याकडे सेकंडहँड लॅपटॉप भरपूर चालतात म्हणून सांगायलाच पाहिजे. कोरोनाच्या वेळी महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर काय चाललं होतं आठवा, निपाणीजवळ पोलीस उभे, कोल्हापूरकडनं येणाऱ्याकडं आरटीपीसीआर रिपोर्ट नसेल तर गाडी परत. गाडीत सख्खी बहीण बसलीय, बेळगावात आई आजारी आहे, काही सांगा, कागद नाही तर आत नाही. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, असाच नाका असतो. त्याच्याकडं ठरलेल्या कार्डांच्या नंबरांची एक यादी असते, चालू होताना तो कार्डाचा नंबर बघतो आणि यादीत नसेल तर लॅपटॉप पुढं जाऊच देत नाही. जुन्या थिंकपॅडमध्ये स्क्रीनवर १८०२ नंबरची एरर येते, एचपीच्या काही जुन्या मशीनमध्ये १०४. कंपन्यांचं म्हणणं असं की रेडिओ आणि अँटेना मिळून सरकारी मान्यता घेतलेली असते, दुसरं कार्ड घातलं तर ती मान्यता राहत नाही. असेल बाबा, खरं त्याच कंपनीचा शिक्का असलेलं तेच कार्ड तिप्पट भावात चालतं आणि साधं चालत नाही हे बघितलं की संशय येतो. नवीन मशीनमध्ये ही भानगड बरीच कमी झालीय. तुमचा लॅपटॉप दहा वर्षं जुना असेल तर मात्र मॉडेलच्या नावापुढं 'व्हाइटलिस्ट' लिहून शोधा आणि मगच पैसे काढा. यादी असेल तर त्याच कंपनीच्या पार्ट नंबरचं कार्ड शोधणं हा सरळ रस्ता. बायोस बदलून नाका उडवायचे प्रकार लोक करतात, मी सांगणार नाही, चुकलं तर लॅपटॉपची वीट होते.

मग घ्यायचं कुठलं? एम.२ खाच आणि वायरी दोन असतील तर एएक्स २१० किंवा थोडं स्वस्तातलं एएक्स २००, वर सांगितलेले अडथळे नाहीत एवढं बघितलं की डोळे झाकून, एएमडी असो की इंटेल. लिनक्स फार जुनं असेल तर २०० बरं, त्याला कर्नेल ५.१ पुरतं आणि २१० ला ५.१० लागतं, म्हणजे उबंटू २०.०४ चं मूळ कर्नेल ५.४ होतं त्यावर २१० दिसणार नाही, २२.०४ वर काही अडचण नाही. वायफाय ७ चं बीई २०० आहे, खरं एएमडीच्या मशीनवर त्यानं बऱ्याच जणांना दगा दिलाय, त्या वाटेला जाऊ नका, आणि घरात राऊटर वायफाय ५ चा असताना ७ चं कार्ड म्हणजे बैलगाडीच्या रस्त्यावर विमानाचं तिकीट. मिनी पीसीआय एक्सप्रेसची जुनी खाच असेल तर इंटेल ७२६० मधलं एसी प्रकारचं बघा, त्या खाचेत मिळतं, दोन्ही बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) आहेत, जुन्या मशीनला तेवढं भरपूर होतं.

आता उघडायचं काम. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर आधी कंपनीला विचारा. नंतर पूर्ण बंद करा, आणि विंडोजमध्ये 'शटडाऊन' दाबलं तरी फास्ट स्टार्टअपमुळं ते पूर्ण बंद होत नाही, शिफ्ट दाबून शटडाऊन करा. चार्जर काढा. एका कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढा आणि निघेल तो स्क्रू त्या त्या जागी कागदावर ठेवा, कारण स्क्रू सगळे सारखे नसतात, लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरनं हाताखालच्या प्लास्टिकला फोड येतो, मी बघितलंय. झाकण काढायला लोखंडी काही घालू नका, जुनं एटीएम कार्ड कडेनं फिरवत जा. उघडल्या उघडल्या पहिलं काम म्हणजे बॅटरीचा कनेक्टर काढणं, मग बाकी सगळं. डिसेंबरात घोंगडीवर बसून हे करू नका, कोरड्या हवेत अंगात स्थिर वीज साठते, फरशीवर बसा, आधी एखाद्या उघड्या लोखंडी खिडकीला हात लावा. आमचं श्रावणात चाललेलं, भिंतीच ओल्या, ती काळजी नव्हती. खरं हेस्कॉमनं नेमकी तेव्हाच लाईट घालवली, भाचा मोबाईलचा टॉर्च धरून उभा.

खरी कसरत वायरींची. कार्डावर पितळी रंगाचे दोन ठिपके असतात, मोहरीच्या दाण्याएवढे, त्यावर वायरीचं टोक शर्टाच्या टिचबटणासारखं बसतं. काढताना वायर ओढायची नाही, टोकाच्या खाली नख घालून सरळ वर उचलायचं. बसवताना टोक ठिपक्यावर बरोबर मधोमध ठेवायचं, बोटानं हलकं सरकवून बघायचं, मध्यावर आलं की ते सरकायचं थांबतं, मग अंगठ्याच्या नखानं सरळ खाली दाबायचं. टक असा बारीक आवाज येतो, आवाजापेक्षा बोटाला कळतं जास्त. तिरकं दाबलं तर ठिपक्याची कडा वाकते आणि मग ते टोक कधीच नीट बसत नाही. ही टिचबटणं साधारण तीस वेळा काढण्या-घालण्याच्या हिशोबानंच बनवलेली असतात, तेव्हा खेळत बसू नका. मिनी पीसीआय एक्सप्रेसची टिचबटणं थोडी मोठी आणि एम.२ ची बारीक, एकाची वायर दुसऱ्याला बसत नाही. कुठली वायर कुठं? बहुतेक कार्डांवर पांढरा आणि काळा त्रिकोण छापलेला असतो, पांढरा मुख्य, काळा दुसरा. काही लॅपटॉपात पांढऱ्याच्या जागी करडी वायर असते. उलटं लागलं तरी सहसा काही बिघडत नाही, खरं काढायच्या आधी फोटो काढून ठेवला की प्रश्नच येत नाही.

भाच्याच्या जुन्या कार्डाला एकच वायर होती. मला वाटलं संपलं, २१० ला दोन लागतात, एकावर वेग निम्मा आणि रेंज पण कमी. मग टॉर्च जवळ घेतला तर खाचेच्या बाजूला पंख्याच्या कडेनं काळ्या टेपमध्ये गुंडाळलेलं काहीतरी दिसलं. टेप सोडवली तर आत दुसरी वायर, टोकाला प्लास्टिकची टोपी घातलेली. कारखान्यात वरच्या महाग मॉडेलसाठी दोन अँटेना घातलेले आणि स्वस्त मॉडेलला एक वायरीचं कार्ड देऊन दुसरी वायर तशीच गुंडाळून ठेवलेली! तुमच्याकडंही एकच वायर लावलेली दिसली तर आजूबाजूला शोधा. नसेल तर नसेल, एका वायरीवर पण २१० चालतं, मुख्य ठिपक्यावर लावा.

कार्ड तिरकं घालायचं, आडवं दाबायचं, स्क्रू बोटानं लागेल एवढाच घट्ट. बॅटरी जोडली, झाकण नुसतं ठेवलं, स्क्रू नंतर, आधी चालतंय का बघू. चालू केलं, कमांड दिली, ८०८६ आणि पुढं २७२५. भाच्यानं वाचून दाखवला आणि मी परत स्वतः वाचला, आता विश्वास राहिला नव्हता माझ्यावर. लाईट अजून गेलेलीच, राऊटर बंद, मग मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडून बघितलं. लगेच जोडलं.

कोणाला असं होईल की कार्ड यादीत दिसतंय खरं वायफाय चालूच होत नाही, 'हार्ड ब्लॉक' दाखवतंय. आधी एअरप्लेनचं बटण बघा, काही जुन्या लॅपटॉपला कडेला सरकवायचं बटण असतं ते कुणाच्या तरी हातानं सरकलेलं असतं. जुन्या मिनी पीसीआय एक्सप्रेसमध्ये कार्डाचा २० नंबरचा पिन या बटणाशी जोडलेला असतो आणि दुसऱ्या कंपनीचं कार्ड घातलं की कधी कधी तो उगाच बंदचा इशारा देत राहतो, लोक त्या एका पिनवर बारीक टेप चिकटवतात आणि चालू होतं. डोळे आणि हात स्थिर असतील तरच. ब्लूटूथ चालत नसेल तर लक्षात घ्या की वायफाय पीसीआय एक्सप्रेसच्या रस्त्यानं जातं आणि ब्लूटूथ त्याच खाचेतनं यूएसबीच्या रस्त्यानं, दोन वेगळे रस्ते, म्हणून एक चालून दुसरं बंद असं होऊ शकतं. आणि शेजारच्याचा राऊटर १२ किंवा १३ नंबरच्या चॅनलवर असेल आणि मोबाईलला दिसत असून लॅपटॉपला दिसत नसेल तर देशाची सेटिंग अमेरिकेची असणार, तिथं ती चॅनलं सहसा वापरत नाहीत. भारताची करा.

वेगाबद्दल एक सांगतो, कारण यात फार गैरसमज आहे. राऊटरची दोन नावं दिसतात, एक साधं आणि एक ज्याच्या शेवटी ५जी असतं. त्या ५जीचा मोबाईलच्या फाईव्ह-जीशी काही संबंध नाही, तो ५ गिगाहर्ट्झ बँड. जुन्या स्वस्त कार्डांना फक्त २.४ चा बँड यायचा, त्यात एका अँटेनावर साध्या चॅनलला जास्तीत जास्त ७२ एमबीपीएस आणि तेही कागदावर, वर शेजारच्या चार घरांचे राऊटर त्याच गर्दीत. ५ गिगाहर्ट्झला जागा मोकळी आहे, आपल्याकडं ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारनं या बँडमधली ६०५ मेगाहर्ट्झ जागा विनापरवाना वापरायला खुली केली, आणि वायफाय ५ च्या राऊटरला दोन अँटेनाचं कार्ड ८६७ एमबीपीएसपर्यंत जोडलं जातं. पण ५ गिगाहर्ट्झ भिंतीला घाबरतं. त्या शहापूरच्या मागच्या माळीवर तो पोचणारच नाही, तिथं साधाच बरा. आणि फायबरचा प्लॅन तीस एमबीपीएसचा असेल तर कार्ड कुठलंही लावा, तीसच येणार.

भाच्याचं नेट त्या दिवसापासून तुटलेलं नाही, गणपतीत आला तेव्हा विचारलं तर म्हणाला "चालतंय की मामा", तेवढंच. जुनं कार्ड त्याला कागदात गुंडाळून देऊन ठेवलंय, लॅपटॉप विकायचा झाला किंवा वॉरंटीला द्यायचा झाला तर लागेल. आणि ते २०१ माझ्याकडं कुंद्याच्या रिकाम्या डब्यात पडलंय, जुन्या सिमकार्डांच्या आणि स्क्रूंच्या सोबत. दहाव्या-अकराव्या पिढीचा इंटेल लॅपटॉप घेऊन कोणी वायफायची तक्रार करत आलं तर त्याचं काम फुकटात होणार आहे.